के हुई क्वानची मधली वीस वर्षे

१२ मार्च २०२३ रोजी लॉस एंजेलिसमध्ये झालेल्या ऑस्कर सोहळ्यात ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल अ‍ॅट वन्स’ या चित्रपटासाठी के हुई क्वान यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचे पारितोषिक मिळाले. १९८४ साली ‘इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम’मधला शॉर्ट राउंड आणि १९८५ साली ‘द गूनीज’मधला डेटा रंगवणारा हा बालकलाकार मोठा झाल्यावर पडद्यावरून जवळजवळ नाहीसा झाला होता, तो पन्नाशीत परतला. या पुनरागमनाची जी कथा जगभर सांगितली गेली ती अशी: मुलगा गुणी होता, नशीब रुसले, पण त्याने आशा सोडली नाही आणि अखेर वीस वर्षांनी त्याचे स्वप्न खरे झाले. या कथेतला बराच भाग वस्तुस्थितीला धरून नाही. जो धरून आहे, त्याचे श्रेयही ती भलतीकडे देते.

बालकलाकाराचे तेज वयाबरोबर ओसरतेच, त्याला कोणी काय करणार, असे या कथेत गृहीत धरलेले असते. त्यात तथ्य मुळीच नाही असे नाही. ‘द गूनीज’मध्येच चंकची भूमिका करणाऱ्या जेफ कोहेन यांचे शरीर किशोरवयात बदलले, भूमिका येईनात, आणि ते वकिलीकडे वळले. पण त्याच चित्रपटातले शॉन अ‍ॅस्टिन १९९३ साली ‘रूडी’चे नायक झाले, पुढे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये सॅम झाले. वाढत्या वयाचा अडसर दोघांपुढेही होता, क्वान यांच्यापुढेही होता. क्वान यांच्यापुढे आणखी एक भिंत होती, आणि तिचा वयाशी काही संबंध नव्हता.

क्वान यांचा जन्म १९७१ साली सायगावमधल्या चिनी वंशाच्या कुटुंबात झाला. १९७८ साली कुटुंबाने व्हिएतनाम सोडले. वडील आणि काही मुले हाँगकाँगच्या निर्वासित छावणीत, आई आणि उरलेली मुले मलेशियात, अशी ताटातूट झाली. पुढच्या वर्षी सगळे अमेरिकेत एकत्र आले. लॉस एंजेलिसच्या चायनाटाउनमधल्या शाळेत ‘टेम्पल ऑफ डूम’साठी मुलांची निवड चालू होती, तेव्हा क्वान आपल्या भावाबरोबर गेले होते. भावाला सूचना देणारा हा मुलगाच निवडणाऱ्यांच्या नजरेत भरला. नायकाबरोबर धावणारा, हजरजबाबी आशियाई पोरगा हॉलीवूडला हवा होता. तो पोरगा वीस-बावीस वर्षांचा पुरुष झाला की त्याला द्यायला हॉलीवूडकडे काय होते? १९९२ साली ‘एन्सिनो मॅन’मध्ये एक छोटी भूमिका, आणि त्यानंतर एकदोन वाक्यांच्या, बहुधा चेष्टेच्या जागा. १९९३ साली ‘द जॉय लक क्लब’ आला. आजच्या काळात घडणारा आणि बहुतेक कलावंत आशियाई असलेला मोठ्या स्टुडिओचा त्यानंतरचा चित्रपट म्हणजे ‘क्रेझी रिच एशियन्स’, आणि तो आला थेट २०१८ साली. क्वान यांच्या वयाची बाविशी ते सत्तेचाळिशी या पंचवीस वर्षांत गेली. अभिनेत्याच्या उमेदीचा सगळा काळ ज्या धंद्याने असा रिकामा ठेवला, त्या धंद्याचा दोष ‘तेज ओसरले’ म्हणून अभिनेत्याच्या माथी मारणे हा अन्याय आहे.

बालकलाकारांच्या बाबतीत असा अन्याय नवा नाही. जॅकी कूगन १९२१ साली चॅप्लिनच्या ‘द किड’मधून जगप्रसिद्ध झाले. मोठेपणी त्यांना कळले की, लहानपणी कमावलेले लाखो डॉलर आई आणि सावत्र वडिलांनी खर्चून टाकले आहेत. १९३८ साली ते न्यायालयात गेले, पण हाती आले जेमतेम १ लाख २६ हजार डॉलर. त्यांच्या पडतीची हळहळ साऱ्यांनी व्यक्त केली, मात्र उपयोगी पडला तो १९३९ साली कॅलिफोर्नियाने केलेला कायदा. त्याने बालकलाकाराच्या कमाईचा काही भाग त्याच्यासाठी बाजूला ठेवणे बंधनकारक केले. कूगन १९६४ साली दूरचित्रवाणीवरच्या ‘द अ‍ॅडम्स फॅमिली’त अंकल फेस्टर म्हणून पुन्हा घरोघर पोहोचले, तेव्हा या जुन्या जखमेची कोणाला फारशी आठवण नव्हती.

‘त्याने आशा सोडली नाही’ हे विधान तर उघडच चुकीचे आहे. क्वान यांनी अभिनय सोडला होता, आणि विचार करून सोडला होता. दूरध्वनीची वाट पाहत बसण्यापेक्षा त्यांनी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात चित्रपटाचे शिक्षण घेतले. नंतर हाँगकाँगचे नामवंत मारामारी-दिग्दर्शक कोरी युएन यांच्या हाताखाली ‘एक्स-मेन’ (२०००) आणि ‘द वन’ (२००१) या चित्रपटांच्या साहसदृश्यांवर काम केले. पुढे वाँग कार-वाय यांच्या ‘२०४६’ (२००४) साठी ते सहायक दिग्दर्शक होते. ही वर्षे वाया गेली असे म्हणणाऱ्याने त्यांना ज्या चित्रपटासाठी पारितोषिक मिळाले तोच पुन्हा पाहावा.

त्यात क्वान यांनी वेमंड वाँग हा कपडे धुण्याच्या दुकानाचा मालक रंगवला आहे. तेही एक नव्हे, तीन वेमंड: भोळा, बायको एव्हलिनपुढे दबकणारा नवरा, दुसऱ्या विश्वातून आलेला कसलेला लढवय्या, आणि सुटाबुटातला, यशस्वी पण एकाकी पुरुष. प्राप्तिकर कार्यालयातल्या मारामारीत लढवय्या वेमंड कंबरेचा पाउच सोडून तो पट्ट्याने गरगर फिरवतो आणि सुरक्षारक्षकांना लोळवतो. ही मारामारी ब्रायन ले आणि अँडी ले या भावांनी बसवली. ती पडद्यावर खरी वाटते, कारण वेग, थांबा आणि कॅमेऱ्याचे स्थान यांचा हिशेब अभिनेत्याच्या अंगात मुरलेला आहे, आणि तो मुरला युएन यांच्या संचात. गल्लीतल्या अंधुक प्रकाशात सुटाबुटातला वेमंड एव्हलिनशी बोलतो, ते दृश्य वाँग कार-वाय यांच्या शैलीला दिलेली उघड मानवंदना आहे. त्या शैलीत किती कमी हलायचे, शब्द किती दाबून बोलायचा, हे क्वान यांनी त्या दिग्दर्शकाच्या शेजारी उभे राहून पाहिले होते. शिवाय त्यांनी या भूमिकेसाठी नव्याने शिकवण्या लावल्या. तीन वेमंडांची देहबोली वेगळी राहावी म्हणून एकाला खार, दुसऱ्याला गरुड आणि तिसऱ्याला कोल्हा असे प्राणी मनाशी धरले. नुसती वाट पाहून अशी तयारी होत नाही.

यावर उत्तर येते की, स्वतः क्वान यांनीच ऑस्कर स्वीकारताना स्वप्नांवर विश्वास ठेवा असे सांगितले. मग त्यांच्याहून जास्त कोणाला कळणार? आक्षेप वजनदार आहे, पण त्याच भाषणात, आपण स्वप्न सोडून देण्याच्या बेतात होतो, असेही ते म्हणाले आहेत. सत्काराच्या क्षणी माणूस कृतज्ञता व्यक्त करतो. आपल्याला भूमिका का मिळत नव्हत्या याचा लेखाजोखा मांडत नाही. तो मांडला की चित्र वेगळे दिसते. अभिनयाकडे परत वळण्याची हिंमत त्यांना ‘क्रेझी रिच एशियन्स’ पाहून आली, हे त्यांनीच वेळोवेळी सांगितले आहे. म्हणजे आधी दार किलकिले झाले, मग इच्छा जागी झाली. त्याच सुमारास डॅनियल क्वान आणि डॅनियल शायनर्ट हे दोन दिग्दर्शक एका चिनी-अमेरिकी कुटुंबावर ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल अ‍ॅट वन्स’ची पटकथा लिहीत होते आणि जॅकी चॅनसाठी योजलेली मध्यवर्ती भूमिका बदलून मिशेल योह यांच्यासाठी लिहिली गेली होती. त्यामुळे नवऱ्याची भूमिका मोकळी झाली. इंग्रजी, मँडरिन, कँटोनीज अशी भाषांची सरमिसळ, मारामारी, विनोद आणि कारुण्य हे सगळे एकाच पन्नाशीच्या पुरुषाकडून हवे होते. समाजमाध्यमावर शॉर्ट राउंडचे जुने चित्र डॅनियल क्वान यांच्या नजरेस पडले आणि हा मुलगा आता काय करतो असा प्रश्न त्यांना पडला, हा योगायोग खराच. पण दहा वर्षांपूर्वी तेच चित्र कोणी पाहिले असते, तर त्या चेहऱ्याला द्यायला भूमिका कुठे होती? करार पक्का करणारे वकील होते ‘गूनीज’चे तेच जेफ कोहेन.

चित्रीकरण २०२० च्या आरंभी झाले आणि लगेच महासाथीने सगळे ठप्प झाले. त्या काळात क्वान यांना दुसरे काम मिळाले नाही आणि त्यांचा आरोग्यविमाही बंद पडला. अमेरिकेत अभिनेत्यांच्या संघटनेचा विमा वर्षाच्या कमाईवर टिकून असतो. ‘स्वप्न खरे झाले’ म्हणणाऱ्यांच्या कथेत हा तपशील येत नाही, कारण चिकाटीच्या जोरावर तो समजावून सांगता येत नाही.

या खंडनात क्वान यांचे यश कमी लेखण्याचा हेतू नाही. उलट, चिकाटीचे कौतुक करणारी कथाच त्यांना लहान करते. एका कसबी, बहुभाषिक, पडद्यामागची कामे शिकलेल्या कलावंताला ती नुसता नशीबवान आशावादी ठरवते. तिचा दुसरा परिणाम जास्त गंभीर आहे. परतलेल्याचे श्रेय चिकाटीला दिले की न परतलेल्यांचे अपयश आपोआप त्यांच्या कमी चिकाटीचे ठरते. कंबोडियातून निर्वासित होऊन आलेले डॉक्टर हैंग एस. न्गोर यांना १९८५ साली ‘द किलिंग फील्ड्स’साठी हेच पारितोषिक मिळाले होते. त्यांच्यानंतर ते मिळवणारे पहिले आशियाई अभिनेते क्वान, मध्ये ३८ वर्षे गेली. या काळात हॉलीवूडमधल्या आशियाई पुरुष कलावंतांत चिकाटीचा दुष्काळ होता, असे कोणी म्हणू शकत नाही.

पारितोषिकाआधीच क्वान यांना ‘लोकी’च्या दुसऱ्या पर्वात ओबीची भूमिका मिळाली होती. २०२५ साली ‘लव्ह हर्ट्स’मध्ये ते नायक झाले. तो चित्रपट फारसा चालला नाही. त्याच वर्षाअखेर ‘झूटोपिया २’मधल्या गॅरी या सापाला त्यांनी आवाज दिला. पडलेल्या चित्रपटानंतरही काम मिळत राहणे ही सवलत हॉलीवूडने गोऱ्या नायकांना नेहमीच दिली आहे. क्वान यांना आणि त्यांच्यामागून येणाऱ्या आशियाई कलावंतांना ती मिळते का, यावरून पुनरागमनाची खरी मोजणी होईल. त्यासाठी पुढची दहा वर्षे कोणत्या पटकथा लिहिल्या जातात आणि कोणावर पैसा लावला जातो, हे पाहावे लागेल.