पायदान मोजणाऱ्यांनो, जरा थांबा!

मंडळी, गाण्यांवर वाद रंगला की आपल्याकडे शेवटी एक हुकमाचं पान पडतंच. "ते सगळं खरं हो, पण खपलं किती? नंबर कितवा आला?" हे पान पडलं की समोरचा मुकाट बसतो. मी बसणार नाही. 'खपलं किती' हा प्रश्न दुकानदाराच्या वहीत शोभतो. गाण्याच्या गुणवत्तेवर निवाडा द्यायचा अधिकार त्याला कोणी दिला, हे आज मला विचारायचं आहे.

उदाहरण मुद्दाम दूरचं घेतो. गोव्यातलं घेतलं तर दुसऱ्याच वाक्याला भाषावाद निघतो आणि तिसऱ्याला मतदारसंघ! तेव्हा इंग्लंडातल्या मँचेस्टरला जाऊया. 'द स्मिथ्स' हा तिथला चौघांचा बँड. मॉरिसी गायचा आणि शब्द लिहायचा. जॉनी मार चाली बांधायचा आणि गिटार वाजवायचा. अँडी रूर्क बेस गिटारवर, माईक जॉइस ड्रम्सवर. १९८२ ते १९८७, जेमतेम पाच वर्षांचा संसार. त्यांच्या रेकॉर्ड्स काढल्या 'रफ ट्रेड' या छोट्या कंपनीने. मुळात ते १९७६ साली लंडनमध्ये उघडलेलं रेकॉर्डचं दुकान. दोन वर्षांनी त्या दुकानाने स्वतःच रेकॉर्ड्स काढायला सुरुवात केली.

आता नंबर बघू. १९८३ साली आलेलं 'हँड इन ग्लोव्ह' हे त्यांचं पहिलं सिंगल ब्रिटनच्या मुख्य यादीत आलंच नाही. त्याच वर्षी 'धिस चार्मिंग मॅन' २५व्या क्रमांकावर पोचलं. बँड जिवंत असेपर्यंत त्यांच्या एकाही सिंगलला दहाच्या वर जाता आलं नाही. १९८४ साली एकदा आणि १९८७ साली एकदा दहावा नंबर, बस्स. नंबरवाल्यांच्या लेखी हा नापासच म्हणायचा!

पण याच बँडचे अल्बम पाहा. स्टुडिओत केलेले अल्बम चारच. १९८४ चा 'द स्मिथ्स' दुसरा. १९८५ चा 'मीट इज मर्डर' पहिला, आणि तोही ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या 'बॉर्न इन द यू.एस.ए.'सारख्या बलाढ्य अल्बमला खाली खेचून. १९८६ चा 'द क्वीन इज डेड' दुसरा. १९८७ चा 'स्ट्रेंजवेज, हिअर वी कम' पुन्हा दुसरा. तेच चौघे, तीच गाणी, तोच ऐकणारा. मग एका यादीत नापास आणि दुसऱ्या यादीत पहिला वर्ग, असं कसं?

कारण साधं आहे. सिंगलची यादी त्या एका आठवड्याची विक्री मोजायची. त्या आठवड्यात रेडिओने दिवसाउजेडी गाणं वाजवलं पाहिजे, आणि वाजवल्याबरोबर गावोगावच्या दुकानांत माल हजर पाहिजे. मोठ्या कंपनीकडे त्यासाठी गाड्या, गोदामं आणि रेडिओची दारं ठोठावणारी पगारी माणसं होती. शिवाय सगळ्या दुकानांची विक्री मोजली जायची नाही, निवडक दुकानांची जायची. ती दुकानं कोणती हे कंपन्यांच्या विक्रेत्यांना बहुतेक ठाऊक असायचं, आणि मग तिथे फुकट मालाची खैरात व्हायची. म्हणजे यादी मोजत होती ती वाहतूक आणि वशिला. चाल आणि शब्द त्यात कुठे बसतात ते नंबरवाल्यांनीच सांगावं.

याहून मासलेवाईक गोष्ट पुढेच आहे. 'हाऊ सून इज नाऊ?' हे त्यांचं एक थोर गाणं. १९८४ साली ते बारा इंची रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकलं गेलं. मग त्याच वर्षी 'हॅटफुल ऑफ हॉलो' या संग्रहात आलं. आणि १९८५ च्या सुरुवातीला स्वतंत्र सिंगल म्हणून निघालं. तोवर दर्दी मंडळींच्या घरात ते पोचलेलं होतं, नंबर आला २४वा! 'देअर इज अ लाइट दॅट नेव्हर गोज आऊट' हे तर या बँडच्या चाहत्यांचं जीव की प्राण. ते बँडच्या हयातीत ब्रिटनमध्ये सिंगल म्हणून निघालंच नाही. मोजायला वेगळी तबकडीच नाही, म्हणून यादीच्या लेखी ते गाणं नव्हतंच. २०१४ पासून ब्रिटनच्या यादीत ऑनलाइन ऐकणंही धरलं जातं, तेव्हा आजच्या नियमाने तेच गाणं यादीत येऊ शकेल. गाणं तेच, मोजपट्टी बदलली. मग खरं मोजमाप कोणतं?

आणि कळस ऐका. बँड १९८७ साली मोडला. १९९२ साली त्यांच्या सगळ्या रेकॉर्ड्सचे हक्क वॉर्नर या बड्या कंपनीकडे गेले. त्या कंपनीने 'धिस चार्मिंग मॅन' पुन्हा बाजारात आणलं आणि ते आठव्या नंबरावर गेलं. या बँडच्या कुठल्याही सिंगलला मिळालेला हा सर्वांत वरचा क्रमांक. नऊ वर्षांपूर्वीचं रेकॉर्डिंग, बँड मोडून पाच वर्षं झालेली! नऊ वर्षांत ते गाणं सतरा पायऱ्यांनी चांगलं झालं काय?

इथवर वाचून दुसरा एक गट खूश होऊन टाळ्या पिटत असेल. 'बघा, आम्ही सांगत होतो! छोट्या कंपनीचं तेच शुद्ध, नंबरात आलं की बाटलं.' त्यांनीही जरा दम धरावा, कारण त्यांचा भ्रम नंबरवाल्यांच्या भ्रमाचा सख्खा भाऊ आहे. एकाला पहिल्या नंबराची पूजा करायची, दुसऱ्याला शेवटच्या नंबराची.

'इंडी' म्हणजे इंडिपेंडंट, स्वतंत्र. हा शब्द आज गिटारच्या एका विशिष्ट आवाजासाठी वापरतात. पण १९८० च्या जानेवारीत ब्रिटनमध्ये इंडी रेकॉर्ड्सची वेगळी यादी सुरू झाली तेव्हा तिचा निकष आवाज नव्हता. निकष होता वितरण. बड्या कंपन्यांच्या वितरणाबाहेरून दुकानात पोचलेली रेकॉर्ड म्हणजे इंडी. म्हणून तर पीडब्ल्यूएल कंपनीची कायली मिनोग, जिची 'आय शुड बी सो लकी'सारखी चकचकीत नाचगाणी १९८८ साली मुख्य यादीत पहिली आली, ती इंडी यादीतही माथ्यावर होती! तिच्या कंपनीचा माल पिनॅकल या स्वतंत्र वितरकामार्फत जात होता, एवढंच कारण. शुद्धतावाद्यांनी तेव्हा केस उपटले. पण नियमाच्या दृष्टीने ती शंभर टक्के इंडी होती. २००९ साली तो नियम बदलला आणि कंपनीची मालकी कोणाची हे बघायला सुरुवात झाली.

मला या जुन्या नियमाचं फार अप्रूप आहे. स्वातंत्र्य कुठे राहतं, हे त्याने बरोबर सांगितलं होतं. ते टेम्पोत राहतं, गोदामात राहतं, पावतीपुस्तकात राहतं. रफ ट्रेडने लिव्हरपूल, ब्रिस्टल, यॉर्क, नॉरिच, एडिंबरा अशा शहरांतल्या दुकानदारांना जोडून 'द कार्टेल' नावाचं वितरणाचं जाळं विणलं होतं. लंडनच्या बड्या कंपनीची पायरी न चढता मँचेस्टरच्या पोरांची रेकॉर्ड दूरच्या गावात पोचायची ती या जाळ्यामुळे. 'मीट इज मर्डर'चा पहिला नंबर त्या अनाम माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्यांचाही आहे. १९९१ साली रफ ट्रेडचं वितरण कोसळलं, आणि त्याच्या भरवशावर असलेल्या अनेक छोट्या कंपन्यांचे पैसे अडकले. रोमँटिक स्वातंत्र्याचं असं होतं. हिशेब चुकला की तत्त्वं उपाशी मरतात.

आणि छोटं म्हणजे आपोआप न्याय्य, हेही विसरा. 'द क्वीन इज डेड' १९८५ च्या अखेरीस तयार होता. बँड आणि रफ ट्रेड यांच्यातल्या कायदेशीर भांडणामुळे तो १९८६ च्या जूनपर्यंत अडकून पडला. बँडच्या आतला हिशेब तर आणखी कडू. मॉरिसी आणि मार यांना रेकॉर्डच्या कमाईत प्रत्येकी ४० टक्के, रूर्क आणि जॉइस यांना दहा-दहा. जॉइस कोर्टात गेला आणि १९९६ साली जिंकला. तो समान वाटेकरी, म्हणजे २५ टक्क्यांचा हक्कदार ठरला. रूर्कने त्याआधीच ठरावीक रकमेवर तडजोड केली होती. तो २०२३ साली वारला. त्याच्या बेसशिवाय ती गाणी ऐकून दाखवा, मग बोलू! कुठल्याही यादीत, मुख्य असो की इंडी, त्याच्या दहा टक्क्यांचा रकाना नव्हता.

आता वळूया घराकडे, कारण ही गोष्ट आम्हां गोंयकारांना कोणी शिकवायला नको. १९५२ साली रेडिओ सिलोनवरून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. त्याच काळात नभोवाणीमंत्री बा. वि. केसकर यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून फिल्मी गाणी जवळजवळ हद्दपार झाली होती. लोकांना काय आवडतं याला काडीची किंमत द्यायची नाही, ही केसकरांची चूक. लोकांनी सिलोन लावून त्यांना उत्तर दिलं. म्हणून मी लोकप्रियतेला तुच्छ मानत नाही. ती एक साक्ष आहे. पण साक्षीदाराला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवू नका.

अमीन सयानी एकेक पायदान चढत सरताज गीतापर्यंत न्यायचे, आणि गायक, संगीतकार, चित्रपट सगळ्यांची नावं घरोघर पोचायची. त्या गाण्यांच्या वाद्यमेळात कोण होतं? माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट आणि कितीतरी गोमंतकीय. सुरावटीला वाद्यांचा साज चढवणारे, व्हायोलिन-ट्रंपेट वाजवणारे. त्यांची नावं रेकॉर्डवर बहुधा नसायचीच. गोन्साल्विसांचं नाव देशभर झालं ते १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यामुळे, आणि तेही प्यारेलालनी आपल्या गुरूला केलेला मुजरा म्हणून. पायदान नंबर एकवर वाजलेल्या किती गाण्यांत आमची माणसं होती, हे कुठल्याही यादीने मोजलं नाही. मँचेस्टरचा रूर्क आणि आमचे हे वादक एकाच रकान्यात बसतात: न छापलेल्या.

तियात्राच्या कांतारांच्या कॅसेट आणि सीडी प्रयोगाच्या दाराशी विकल्या जायच्या. त्या मोजणारा तराजू कुठे होता? आणि आमचं मराठी पुस्तक? पदरमोड करून छापायचं, प्रकाशनसमारंभात नारळ आणि शाल, मग गठ्ठे खाटेखाली. पुण्या-मुंबईच्या दुकानात प्रत दिसत नाही, आणि वर आम्हीच म्हणतो, 'गोव्याच्या मराठीत दम नाही, खपत कुठे?' अहो, पोचवलं कोणी? जे पुस्तक फोंड्याहून सावंतवाडीलाही गेलं नाही, त्याला वाचकांनी नाकारलं असं कसं म्हणता? न पोचणं आणि नाकारलं जाणं यातला फरक ज्याला कळत नाही, त्याने समीक्षा करू नये, फार तर मटक्याचा आकडा लावावा.

म्हणून माझं सांगणं रोखठोक आहे. यापुढे 'नंबर कितवा' असं कोणी विचारलं की उलट तीन प्रश्न करा. मोजलं कोणी? पोचवलं कोणी? आणि पैसे शेवटी कोणाच्या हातात पडले? या तिन्हींची उत्तरं मिळाली तर नंबराला काही अर्थ आहे, नाहीतर तो नुसता आकडा.

आणि ज्यांना गोमंतकीय मराठीचा खरोखर पुळका आहे, त्यांनी पुढचा सत्कार रद्द करून त्या पैशांत चार तालुक्यांतल्या चार दुकानांत पुस्तकं ठेवायची सोय करावी. मँचेस्टरच्या पोरांना शाल कोणी दिली नव्हती. त्यांच्यासाठी खोके उचलणारी माणसं होती. आपल्याकडे शाली उदंड झाल्या. खोके कोण उचलतो, बोला!