ठिगळ की रफू?

मैत्रिणींनो, सिनेमा बघताना आपली नजर कुठे जाते, ते मी सांगायला नको. नायिका दारातून आत येते तेव्हा केसांत गजरा असतो, खोलीत पोचते तोवर तो गायब! पदर डाव्या खांद्यावरचा उजव्यावर जातो. चहाचा अर्धा पेला पुन्हा काठोकाठ भरतो.

असं होतं याचं कारण साधं आहे. सिनेमा गोष्टीच्या क्रमाने काढतच नाहीत. दारातलं दृश्य आज, तर आतलं महिन्याभराने. म्हणून एक व्यक्ती वही घेऊन सारखी टिपणं करत असते. बांगड्या किती होत्या, घड्याळात किती वाजले होते, सगळं! याला 'कंटिन्युइटी' म्हणतात. तरीही एखादा टाका सुटतोच.

आपल्या कौटुंबिक सिनेमात तो सुटला की आपण हसतो नि विसरतो. विज्ञानकथांचं मात्र निराळं असतं बरं का! तिथे सुटलेल्या टाक्याला गोष्टीतलंच कारण शोधून देतात.

'स्टार ट्रेक' या अमेरिकन मालिकेचं उदाहरण घ्या. १९६६ ते १९६९ या काळात ती चालली. त्यात क्लिंगॉन नावाची परग्रहावरची लढवय्यी जमात होती. पैसा बेताचा, म्हणून रंगभूषाही बेताची. त्यांची कपाळं आपल्यासारखीच सपाट. पुढे १९७९ साली सिनेमा निघाला, खर्चाला हात सैल झाला, आणि याच क्लिंगॉन लोकांच्या कपाळावर हाडांचे चांगले ठसठशीत उंचवटे आले! प्रेक्षक विचारू लागले, हे कसं?

१९९६ साली मालिकेच्या एका नव्या भागात पात्रं भूतकाळात जातात आणि जुने, सपाट कपाळाचे क्लिंगॉन बघतात. सोबतच्या वर्फ या क्लिंगॉनला विचारतात, तर तो अवघडून एवढंच म्हणतो की, या विषयावर आम्ही परक्यांशी बोलत नाही. अगदी आपल्या घरातल्यासारखं! शेवटी २००५ मध्ये उलगडा केला. माणसाच्या गुणसूत्रांशी खेळताना एक रोग पसरला, उपायाने जीव वाचले, पण कपाळं सपाट झाली.

इंग्लंडच्या 'डॉक्टर हू' मालिकेत १९६६ साली मुख्य नट विल्यम हार्टनेल यांची प्रकृती ठीक राहीना. तेव्हा नायकाचं शरीरच नवं होतं असं दाखवून पॅट्रिक ट्रॉटन यांना आणलं. नाहीतर आपल्या मालिका! सोमवारी सूनबाईचा चेहरा बदलतो आणि सासूला त्याचं काहीच वाटत नाही.

आपल्याकडे डॉ. जयंत नारळीकरांनी 'उजव्या सोंडेचा गणपती' ही कथा लिहिली. सिनेमाची फीत उलटी लागली तर डावं ते उजवं दिसतं. ती झाली चूक. पण नारळीकरांच्या कथेत वस्तू खरोखरच आरशातल्यासारखी उलटते आणि त्यामागे मोबियसच्या पट्टीचा आधार येतो. कागदाच्या लांब पट्टीला अर्धा पीळ देऊन टोकं चिकटवा आणि मधोमध पेन्सिल फिरवत न्या. पेन न उचलता रेघ दोन्ही बाजूंना उमटते. मुलांना जरूर करून दाखवा.

ही रीत काही परकी नाही. आमच्या सेमाडोहजवळच्या चिखलदऱ्याला भीमाने कीचकाला मारून दरीत टाकलं, म्हणून तो कीचकदरा, असं सांगतात. भीमकुंडही दाखवतात. पण विराटाची नगरी राजस्थानात बैराटला होती असंही म्हणतात, आणि वाईलाही विराटनगरी म्हणतातच. पुराणांत अशी तफावत आली की जुनी मंडळी 'कल्पभेद' म्हणत. एका कल्पात असं घडलं, दुसऱ्यात तसं!

आता मुद्द्याचं बोलते. ठिगळ आणि रफू यांत फरक काय? ठिगळ भोक झाकतं. रफू करणारा आधी भोक नीट बघतो, मग त्याच कापडाच्या धाग्याने ते भरतो. क्लिंगॉनच्या गोष्टीत 'कपाळं पहिल्यापासून अशीच होती, तुम्हालाच नीट दिसलं नाही,' असं कुणी म्हटलं नाही. प्रेक्षकाने पाहिलं ते खरं धरलं आणि मग कारण शोधलं.

घरात आपण नेमकं उलटं करतो. माझ्या वर्गातल्या एका मुलाने मला विचारलं, "बाई, माझे बाबा बाजाराच्या दिवशीच कसे आजारी पडतात?" आई त्याला दर वेळी 'बाबांना बरं नाही' म्हणून समजावत होती. ती बिचारी घर सांधायला बघत होती, मला कळत होतं. पण पोराने टाका सुटलेला बरोबर हेरला होता. आता त्याला दोनच वाटा राहतात. आईवर विश्वास ठेवायचा नाही, किंवा स्वतःच्या डोळ्यांवर. दोन्ही वाईट.

सगळं उघड करून सांगा असं मी म्हणत नाही. आठ वर्षांच्या जिवाला पेलेल तेवढंच सांगावं. 'बाबा दारू पितात, ते मलाही आवडत नाही, तुझी त्यात काही चूक नाही,' एवढी तीन वाक्यं पुरतात. ती म्हणायला जड जातात खरी. पण मूल सुटतं.

तेव्हा सिनेमात गजरा गायब झाला की मुलांबरोबर खुशाल कारणं रचा. परग्रहावरच्या शेळीने खाल्ला म्हणा! पण मूल घरातली विसंगती दाखवू लागलं, तर 'तुला काय कळतं' म्हणू नका. त्याने पाहिलं ते पाहिलंच, हे आधी मान्य करा. कारण मग सावकाश सांगता येतं.