जवळची फेंक

डिस्क गोल्फ ह्या खेळांत चकती दूर भिरकावणारास टाळ्या मिळतात; टोपलीजवळील फेंक मात्र पुष्कळ जण क्षुल्लक मानितात. ही चूक होय, असें आम्हांस वाटतें. एड हेडरिक ह्या अमेरिकन गृहस्थांनीं साखळ्यांच्या टोपलीचें पेटंट १९७७ सालीं मिळविलें. तींत चकती विसावेपर्यंत १०० मीटरांची फेंक व १ मीटराची फेंक हिशेबांत सारखीच. १० मीटरांच्या आंत तर नियमच असा कीं, फेंकल्यावर तोल सावरल्यावांचून पाऊल पुढें टाकूं नये. म्हणजे येथें बळापेक्षां स्थैर्य श्रेष्ठ. विद्यार्थ्यांनीं प्रथम ३ मीटरांवरून सराव करावा, साखळीच्या एकाच कडीवर दृष्टि ठेवावी आणि दहांपैकीं नऊ फेंकी साधल्यावरच एक पाऊल मागें सरावें. पालकांनींही टाळ्या न मिळणाऱ्या ह्या सरावाचें कौतुक करावें.