गगनयान, निवडणूक आणि ‘आपण’

लोकसभेचा निकाल ४ जूनला लागला. दुसऱ्या दिवशी, आपल्याकडं रात्रीचे साडेआठ वाजायला आले असताना, बोईंगच्या स्टारलायनर यानातून सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर अंतराळ स्थानकाकडं निघाले. वाहिन्यांवर नितीशकुमार आणि चंद्राबाबू काय करणार याचीच चर्चा होती, त्यामुळे मी ते उड्डाण फोनवर पाहिलं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्या फोनवर काहीतरी बघण्यासारखं आलं होतं.

माणसानं अवकाशात जावं असं मला मनापासून वाटतं, हे आधी सांगून टाकतो. कारण आमच्या मोहल्ल्यात हे मत फारसं कुणाचं नाही. मतदानाच्या रांगेत, १३ मे रोजी, माझ्या पुढं एस.टी.तून निवृत्त झालेले एक चाचा उभे होते. गगनयानाचा विषय निघाला तसे म्हणाले, “अरे, पनवेलच्या नळाला पाणी नाही आणि तुमची माणसं चालली वर. तिकडं काय टँकर लावणार?” रांगेतले सगळे हसले, मीही हसलो. पण प्रश्न खोटा नाही, म्हणून त्याचं उत्तर द्यायला हवं.

गगनयानाला डिसेंबर २०१८ मध्ये मंत्रिमंडळानं मंजुरी दिली तेव्हा खर्चाचा आकडा सुमारे १० हजार कोटी रुपये होता, तोही अनेक वर्षांत मिळून. या निवडणुकीत सगळ्यांनी मिळून किती पैसा ओतला, याचा सेंटर फॉर मीडिया स्टडीज या संस्थेचा अंदाज १ लाख ३५ हजार कोटींचा आहे. उमेदवाराला अधिकृत मर्यादा ९५ लाखांची आहे, हा विनोद वेगळा. म्हणजे माणूस अवकाशात पाठवण्याच्या कार्यक्रमाच्या तेरापट पैसा आपण काही महिन्यांत फलक, हेलिकॉप्टर, जेवणावळी आणि आणखी कशाकशात घातला. चाचांच्या नळाचं पाणी इस्रोनं अडवलेलं नाही.

उलट त्या १० हजार कोटींतला पैसा जातो कुठं, ते बघा. गगनयान ज्या एलव्हीएम-३ रॉकेटवर जाणार आहे, त्याची विकास इंजिनं विक्रोळीच्या गोदरेजमध्ये तयार होतात. त्याच्या दोन बाजूंना जे अजस्र बूस्टर असतात, त्यांची आवरणं इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्यात घडवली गेली आहेत. हा पैसा वेल्डर, फिटर, टर्नर यांच्या हातात पडतो. आमच्याकडं तळोजा एमआयडीसीत काम करणारी कितीतरी पोरं आयटीआय करून हेच काम शिकलेली आहेत. वेल्डिंगचा सांधा कसा आहे, हे तपासताना तो कुणी मारला हे एक्स-रे यंत्र विचारत नाही.

आता निवडणुकीकडं येतो. ही निवडणूक मी विसरायचं ठरवलं तरी विसरणार नाही, आणि त्याचं कारण निकाल नाही. निकाल येतात, जातात. २१ एप्रिलला राजस्थानातल्या बांसवाड्याच्या सभेत देशाचे पंतप्रधान बोलले. काँग्रेस आली तर तुमची संपत्ती घुसखोरांना आणि जास्त मुलं असणाऱ्यांना वाटली जाईल, असा त्या बोलण्याचा आशय होता. कुणाविषयी बोलणं चाललं आहे हे समजायला आमच्या घरातल्या आठवीतल्या पोरालाही वेळ लागला नाही. तो म्हणाला, “मामू, घुसखोर म्हणजे आपण?”

त्याला मी काहीतरी बोलून गप्प केलं. पण ‘आपण’ हा शब्द तेव्हापासून डोक्यात अडकून बसला आहे.

गेल्या वर्षी २३ ऑगस्टला चांद्रयान-३ उतरलं तेव्हा ‘आपण चंद्रावर पोचलो’ असं सगळा देश म्हणत होता. मीही म्हणालो. लखनौच्या इस्लामिक सेंटरमध्ये त्या यानासाठी दुआ मागितली गेली होती. आणि २४ ऑगस्टला मुजफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका खासगी शाळेत शिक्षिकेनं वर्गातल्या मुलांना एकेक करून उठवलं आणि एका मुसलमान विद्यार्थ्याला थोबाडीत मारायला लावली. मधे फक्त एक रात्र गेली होती. मोहिमेचा आणि त्या शाळेचा काही संबंध नाही, हे मला कळतं. पण त्या पोरानंही आदल्या संध्याकाळी टाळ्या वाजवल्या असतील ना?

आणि सुनीता विल्यम्स यांना आपण ‘भारताची कन्या’ म्हणतो. मलाही त्या आवडतात. त्यांचा जन्म ओहायोतल्या युक्लिडचा, नोकरी अमेरिकी नौदलातली, आई स्लोव्हेनियन वंशाची. वडील गुजरातेतल्या झुलासणचे, एवढ्या धाग्यावर सगळा देश त्यांना आपलं मानतो. मानावं, यात प्रेम आहे. मात्र ज्याच्या खापरपणजोबांची कबर कोकणात आहे, त्याला आपलं म्हणायला याच देशाला भाषणं का आठवतात? निवडणुकीच्या तोंडावर, ११ मार्चला, नागरिकत्व दुरुस्ती कायद्याचे नियम जाहीर झाले. तो कायदा कुणाचं नागरिकत्व काढून घेत नाही, हे मी मोहल्ल्यात दहा जणांना समजावलं असेल. तरी लोक कागद शोधायला लागले. आमच्या घरी आईचं नाव एका कागदावर ‘शेख’, दुसऱ्यावर ‘शैख’, आणि मतदार यादीत तिसरंच. भीती कायद्याच्या कलमातून आली नव्हती. ती भाषणांतून आली होती.

हे सगळं पहिल्यांदाच घडतंय असं मात्र नाही. माझ्यापेक्षा वयानं मोठ्या वाचकांना १९८४ आठवत असेल. ३ एप्रिलला राकेश शर्मा सोयूझ टी-११ मधून गेले, आठवडाभर सॅल्यूट-७ स्थानकात राहिले. इंदिरा गांधींनी दूरदर्शनवर त्यांना विचारलं, वरून भारत कसा दिसतो? त्यांनी उत्तरादाखल इक्बाल यांच्या तराण्याची पहिली ओळ म्हटली. ती सगळ्यांना पाठ आहे, इथं लिहायची गरज नाही. अवकाशातून पहिल्या भारतीयाच्या तोंडी आलेली ओळ उर्दूची होती, आणि कुणाला त्यात काही खटकलं नाही.

पुढचा महिना मे. भिवंडीत दंगल पेटली, ती ठाण्यात आणि मुंबईत पसरली. जूनमध्ये अमृतसर. ३१ ऑक्टोबरला इंदिरा गांधींची हत्या, आणि मग दिल्लीत शिखांचं जे झालं ते. डिसेंबरात निवडणूक. त्या निवडणुकीत काँग्रेसच्या वर्तमानपत्री जाहिराती अशा होत्या की दुसऱ्या राज्यातल्या माणसाच्या टॅक्सीत बसायची तुम्हाला धास्ती का वाटावी, असं विचारत प्रत्यक्षात ती धास्तीच पेरायची. कोणत्या टॅक्सीवाल्याबद्दल चाललं आहे, हे तेव्हाही सांगावं लागलं नाही. काँग्रेसला ४०० च्या वर जागा मिळाल्या. आज जे लोक बांसवाड्याच्या भाषणावर बोलतात आणि त्या जाहिरातींवर बोलत नाहीत, त्यांचं बोलणं मला अर्धं वाटतं.

फरक आहे तो इक्बालचा. गेल्या वर्षी मे महिन्यात दिल्ली विद्यापीठाच्या विद्वत परिषदेनं राज्यशास्त्राच्या अभ्यासक्रमातून इक्बाल यांच्यावरचा धडा काढून टाकण्याचा ठराव केला. त्यांच्या पुढच्या राजकारणाशी माझंही पटत नाही. पण राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यानं न पटणारी माणसं वाचायची नाहीत, तर मग वाचायचं काय?

थोडं घरच्यांविषयीही बोलू. सुनीता विल्यम्स यांच्या उड्डाणानंतर दोन दिवसांत मला तो जुना फॉरवर्ड पुन्हा आला. अवकाशातून सगळी पृथ्वी काळोखी दिसली, फक्त मक्का आणि मदिना चमकत होते, म्हणून सुनीता यांनी इस्लाम स्वीकारला. धादांत खोटं. त्या पहिल्या मोहिमेत भगवद्‌गीता आणि गणपतीची छोटी मूर्ती घेऊन गेल्या होत्या, सोबत समोसेही. याच जातीची दुसरी गोष्ट आर्मस्ट्राँगनं चंद्रावर अजान ऐकल्याची. ती इतकी पसरली की १९८३ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याला ती खरी नसल्याचं आपल्या वकिलातींना कळवावं लागलं. दीन इतका कच्चा आहे का, की त्याला आर्मस्ट्राँगची साक्ष लागावी? तिकडं कुणी सगळं विमानशास्त्र पुराणात शोधतो, इकडं आपण चंद्रावर अजान शोधतो.

खरी गोष्ट त्याहून कितीतरी सुंदर आहे. मलेशियाचे शेख मुजफ्फर शुकोर ऑक्टोबर २००७ मध्ये, रमजानच्या शेवटच्या दिवसांत, अंतराळ स्थानकावर गेले. स्थानक दिवसाला सोळा वेळा पृथ्वीला फेरी घालतं, म्हणजे सोळा सूर्योदय. मग फजर किती वेळा? किबला कुठं? मलेशियाच्या उलेमांनी आणि शास्त्रज्ञांनी एकत्र बसून त्याची नियमावली केली. नमाजच्या वेळा यान जिथून निघालं तिथल्या धरायच्या. जमेल तर काब्याकडं तोंड करा, नाही तर पृथ्वीकडं, तेही जमलं नाही तर कुठंही. रोजे परतल्यावर ठेवले तरी चालतील. फिक्ह अशी वापरायची असते, हे मी तेव्हा शिकलो. आपल्याकडं चांद दिसला की नाही यावरून अजून दोन मोहल्ल्यांत दोन ईद होतात.

आणखी एक नाव आहे, मुहम्मद फारिस. हलबचे, सीरियाच्या हवाई दलातले वैमानिक. जुलै १९८७ मध्ये सोव्हिएत यानातून मीर स्थानकावर गेले, सोबत दमास्कसची थोडी माती घेऊन. अवकाशातून देशांच्या सीमा दिसत नाहीत, हे वाक्य आपण भाषणांत फार ऐकतो. फारिस यांनी ती सीमा नसलेली पृथ्वी बघितली, आणि २०१२ मध्ये स्वतःच्या सरकारनं स्वतःच्या लोकांवर बॉम्ब टाकायला सुरुवात केल्यावर तीच सीमा ओलांडून त्यांना तुर्कस्तानात निर्वासित व्हावं लागलं. तिथंच, गाझियानतेपमध्ये, या वर्षी १९ एप्रिलला ते वारले. त्याच दिवशी आपल्याकडं पहिल्या टप्प्याचं मतदान होतं, नागपूर-चंद्रपूरकडचं. आपल्या वर्तमानपत्रांत त्यांच्याबद्दल ओळभरही माझ्या नजरेस पडली नाही.

म्हणून ‘वरून बघा, सगळे एक आहेत’ या छापाच्या बोलण्यावर माझा विश्वास नाही. खाली उतरल्यावर कागदच बघतात. मला अवकाश मोहीम आवडते ती वेगळ्या कारणानं. तिथं चूक लपवता येत नाही. गगनयानातल्या माणसांना संकटात बाहेर काढणारी यंत्रणा गेल्या ऑक्टोबरात तपासली, तेव्हा उलटमोजणी शेवटच्या पाच सेकंदांवर थांबली. काय बिघडलं ते इस्रोनं सांगितलं, दुरुस्त केलं आणि सव्वा तासात उड्डाण केलं. निवडणुकीत अशी थांबलेली उलटमोजणी मी कधी बघितली नाही.

आमच्या मावळ मतदारसंघाची गंमत सांगायची राहिली. घाटाखालचं पनवेल आणि घाटावरचं चिंचवड एकत्र, आणि निवडायची होती दोनपैकी एक शिवसेना. १९९२-९३ ची मुंबई ज्यांच्या घरात अजून बोलली जाते, अशा बायाबापड्यांनी मशालीचं बटण दाबलं. श्रीरंग बारणे धनुष्यबाणावर निवडून आले. महाविकास आघाडीनं राज्यातल्या ४८ जागांपैकी एकाही जागी मुसलमान उमेदवार दिला नव्हता, तरी आमची मतं गठ्ठ्यानं त्यांनाच गेली आणि ३० जागा आल्यावर त्यांनी आभारही मानले, सभेत, ओझरते. नव्या मंत्रिमंडळात तर मुसलमान एकही नाही. एका बाजूला आम्ही भीती दाखवायला उपयोगी, दुसऱ्या बाजूला मोजायला.

यावर कुणी म्हणतं, अब्दुल कलामांकडं बघा. कलामांबद्दल मला आदर आहे, थुंब्याच्या जुन्या चर्चमध्ये बसून त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी रॉकेटं जोडली, ती गोष्ट मी पोरांना सांगतो. पण प्रत्येक मुसलमान पोराला कलाम होऊन दाखव म्हणणं ही परीक्षा आहे, शाबासकी नाही. सामान्य गुण मिळवणाऱ्या पोरालाही या देशात निवांत जगता आलं पाहिजे.

भाच्यानं मात्र परवा विचारलं, गगनयानात जायला काय शिकावं लागतं. फेब्रुवारीत थुंब्याला ज्यांची नावं जाहीर झाली, नायर, कृष्णन, प्रताप आणि शुक्ला, ते चौघंही हवाई दलातले चाचणी वैमानिक आहेत, असं सांगितलं. म्हणजे बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र, मग एनडीएची परीक्षा, मग हवाई दल. त्याला गणितात सध्या ४८ आहेत. शाळा १५ जूनला उघडते आहे, सतराला बकरी ईद, त्यानंतर शिकवणी लावायची असं ठरलंय.