अज्ञातवास कोणाच्या हिशेबाने?

जी. ए. कुलकर्णींचा विषय निघाला की काळा चष्मा, धारवाड आणि एकांत यांचा उल्लेख हटकून होतो. कथांचा त्यानंतर, सवड उरलीच तर. आमचा आक्षेप या क्रमाला आहे.

धारवाडला सुमारे तीस वर्षे इंग्रजी शिकवणारा, मावसबहिणींसह घर चालवणारा आणि इतकी पत्रे लिहिणारा की निवडक पत्रांचेच चार खंड व्हावेत, असा हा लेखक माणूसघाणा कसा? त्यांनी सभा-संमेलने टाळली, मुलाखती टाळल्या, एवढेच. धारवाड म्हणजे काही अरण्य नव्हे. तेथे विद्यापीठ होते, बेंद्रे होते, मल्लिकार्जुन मन्सूर होते. पुण्या-मुंबईच्या व्यासपीठावर जो दिसत नाही तो अज्ञातवासात, हा हिशेब पुण्या-मुंबईचाच. त्या हिशेबाने पोशेऱ्यात राहणारे आम्ही तर जन्मतःच गूढ ठरू!

'काजळमाया'ला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुस्तकाच्या प्रकाशनकाळावरून वाद निघाला, तेव्हा जीएंनी तो परत केला. हाही विक्षिप्तपणाचा दाखला म्हणून सांगितला जातो. सरळ माणसाचा सरळ व्यवहार आपल्याकडे इतका दुर्मिळ झाला आहे काय?

या दंतकथेची किंमत विद्यार्थी मोजतात. 'जीए अवघड, आदिवासी भागातल्या मुलांना झेपायचे नाहीत' हे वाक्य आम्ही सुशिक्षितांच्याच तोंडून पुष्कळदा ऐकले आहे. 'रमलखुणा'तील 'प्रवासी' आणि 'इस्किलार' सोप्या नाहीत, हे मान्य. त्या आम्हांलाही दोनदा वाचाव्या लागल्या. पण 'कैरी'तील तानीमावशी समजायला कोणती गूढविद्या लागते? नवऱ्याच्या घरात घुसमटणारी, तरी पोरक्या लेकराला जीव लावणारी बाई जव्हार-मोखाड्याच्या मुलांना ठाऊक नाही, असे कोणी सांगितले?

जीएंनी कॉनरॅड रिक्टरच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या, त्यांची तर कोणी आठवणही काढत नाही. त्यांपैकी 'रानातील प्रकाश' ही अमेरिकेतील आदिवासींनी वाढवलेल्या एका गोऱ्या मुलाची कथा. तहाच्या अटीमुळे त्याला जन्मदात्यांकडे परत धाडले जाते आणि मग तो ना इकडचा उरतो, ना तिकडचा. लहानपणीच वारली वा कोकणा घरातून आश्रमशाळेत आलेल्या, सुट्टीत घरी गेल्यावर अर्धा पाहुणा झालेल्या मुलाला ही गोष्ट परकी वाटेल, असे मानणाऱ्या समीक्षकाने एकदा आमच्या वर्गात येऊन ती वाचून दाखवावी.