दुप्पट दाम ही मेहेरबानी नव्हे, आमच्या घामाचे देणे आहे!

गिरणी कामगार बंधू-भगिनींनो,

पाळी संपते. माणूस साच्यावरचा हात काढून घाम पुसतो, तोच मुकादम पुढ्यात उभा राहतो. "दुसऱ्या पाळीचा माणूस आला नाही. दोन तास थांब. साहेबांनी सांगितलंय." आम्ही थांबतो. आज दोन तास, उद्या दोन तास. महिना भरतो, पगार हातात पडतो आणि पाहावे तर त्या तासांचा पत्ताच नाही! विचारायला जावे तर टाइम ऑफिसातला बाबू मान वर न करता म्हणतो, "रजिस्टरात नोंद नाही." अहो, नोंद करायची कुणी? रजिस्टर तुमच्या ताब्यात की आमच्या? फारच ओरड झाली तर साध्या दराने चार पैसे टेकवायचे आणि वर उपकाराची भाषा करायची, हा मालक मंडळींचा शिरस्ताच होऊन बसला आहे.

तेव्हा आम्ही आज एकच गोष्ट ठासून सांगणार आहोत. जादा कामाचा दुप्पट दाम हा आठ तासांच्या दिवसाभोवती घातलेला बांध आहे. हा बांध फुटला की आठ तासांचा दिवसही वाहून गेला म्हणून समजा.

हा बांध कुणी घातला? कुठल्या मालकाला रात्री स्वप्न पडून त्याने घातला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र केले. साडेपाच हजार कामगारांनी आपल्या मागण्यांच्या अर्जाला संमती दिली. रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली, ती या धडपडीतून. १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतल्या पुरुषाचा दिवस बारा तासांचा ठरला. १९२२ साली तो अकरा तासांवर आला, १९३४ च्या कायद्याने दहावर आणि १९४६ साली नऊवर, आठवड्याला ४८ तास. बारावरून नऊ! तीन तास कमी करून घ्यायला पस्तीस वर्षे लागली. त्या पस्तीस वर्षांत किती संप झाले, किती घरांत चूल पेटली नाही, हे आमच्या आज्या-पणज्यांना विचारायला हवे होते.

मग १९४८ चा कारखाने कायदा आला. त्याच्या कलम ५९ ने सांगितले की, दिवसाला नऊ तासांवर किंवा आठवड्याला ४८ तासांवर काम घेतले तर दर दुप्पट. दुप्पटच का? कारण साध्या दराने जादा काम मिळाले तर मालक नवा माणूस घेईलच कशाला? तो आहे त्यालाच राबवील. जादा तास महाग पडले पाहिजेत, म्हणजे मालक दुसऱ्या माणसाला काम देईल, अशी त्यामागची चाल आहे. म्हणून न दिलेला ओव्हरटाइम नुसता आमच्या खिशातून जात नाही. दारात उभ्या असलेल्या बदलीवाल्याच्या पोटावरही पाय पडतो. आमचे दोन तास फुकट गेले की त्याची हजेरी बुडाली!

आता हिशेब मांडू. समजा एका साचेवाल्याचा आठ तासांचा रोज ६०० रुपये आहे. म्हणजे तासाला ७५. दुप्पट दराने जादा तासाचे १५० झाले. रोज दोन तास जादा, महिन्याचे २६ दिवस. ७,८०० रुपये झाले! साध्या दराने दिले तर ३,९०० गिळले, काहीच दिले नाही तर सगळेच गिळले. एका खात्यात शंभर माणसे धरा. महिन्याला ७ लाख ८० हजार! आमच्यापैकी कुणी गिरणीतून सुताची एक कांडी नेली तर दारावरचा वॉचमन अंग चाचपतो. मग या लाखांची झडती कोण घेणार?

कायदा घेऊ शकतो, आम्ही घ्यायला लावली तर. १९४८ च्या कायद्याची जागा आता नव्या संहितांनी घेतली आहे. त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. १९५५ साली याच तारखेला फ्लोरा फाऊंटनवर गोळ्या चालल्या होत्या, हे ध्यानात ठेवा आणि संहिता डोळे उघडे ठेवून वाचा. त्यांत कामगाराच्या गळ्याला फास ठरतील अशाही गोष्टी आहेत, पण जे हत्यार हाती आले आहे ते गंजू देऊ नका. २०१९ च्या वेतन संहितेत ठरले आहे की, जादा कामाचा दर नेहमीच्या दराच्या दुपटीहून कमी असता कामा नये. ही संहिता मोठ्या गिरणीला आणि बारा साच्यांच्या कारखान्याला सारखीच लागू आहे. व्यवसाय सुरक्षा संहिता म्हणते की, दिवस आठ तासांचा आणि आठवडा सहा दिवसांचा. जादा काम घ्यायचे तर कामगाराची संमती हवी. "थांबलाच पाहिजेस, नाहीतर उद्या येऊ नको" ही संमती नव्हे, ही दमदाटी आहे!

पैसे बुडवले तर काय? नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे दाव्याचा अर्ज करता येतो. जुन्या वेतन कायद्यात अर्जाला १२ महिन्यांची मुदत होती, नव्या संहितेत ती ३ वर्षे आहे. अर्ज एकट्याने करता येतो, आपल्या नोंदलेल्या युनियनमार्फत करता येतो आणि अनेकांचा मिळून एकही चालतो. बुडवलेल्या रकमेवर दहापटीपर्यंत भरपाई लावण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्याला आहे. मालकाने तरीही पैसे भरले नाहीत तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. आणि सर्वांत मोठी गोष्ट ऐका. पैसे दिले हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे! ठेकेदाराने पगार बुडवला तर ज्याच्या कारखान्यात काम केले त्या धन्याला द्यावा लागतो. "ठेकेदार पळाला, आम्ही काय करणार?" हे रडगाणे आता चालणार नाही.

"कायदा कागदावर राहतो हो," असे आमचे काही बंधू म्हणतात. खोटे नाही. पण शेजारचे उदाहरण पाहा. गुजरात १९६० पर्यंत आमच्याच मुंबई राज्यात होता, अहमदाबादचा गिरणी कामगार आम्हाला परका नाही. एप्रिल २०२० मध्ये, महामारीच्या दिवसांत, तिथल्या सरकारने फर्मान काढले की, कारखान्यात बारा तास काम घ्या आणि जादा तासांना साधाच दर द्या! गुजरात मजदूर सभा सर्वोच्च न्यायालयात गेली. १ ऑक्टोबर २०२० रोजी न्यायालयाने ती फर्माने रद्द केली आणि त्या काळातल्या जादा कामाचे पैसे कायद्याप्रमाणे द्या, असा हुकूम दिला. सरकारचा शिक्का असलेला कागद युनियनच्या अर्जापुढे टिकला नाही. मग मुकादमाच्या तोंडी हुकमाची काय कथा!

आणि जागे राहा. सप्टेंबर २०२५ मध्ये आमच्या महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातला दिवस नऊवरून बारा तासांपर्यंत नेण्यास आणि तीन महिन्यांतल्या ओव्हरटाइमची मर्यादा ११५ वरून १४४ तास करण्यास मंजुरी दिली. जे तीन तास मिळवायला पस्तीस वर्षे झिजलो, ते एका बैठकीत परत! कामगाराची लेखी संमती घेऊ, असे म्हणाले. पण पोट हातावर असलेल्या माणसाची सही कशी घेतात, ते आम्हाला कुणी शिकवायला नको. अशा वेळी दुप्पट दर वसूल करणे हेच आमच्या हातातले शेवटचे दावे आहे. बैल किती ताणायचा, हे त्याच दाव्यावर ठरते.

म्हणून आजपासून कामाला लागा. प्रत्येकाने खिशात एक छोटी वही ठेवा. तारीख, पाळी, आत गेलो किती वाजता, बाहेर आलो किती वाजता, थांबायला कुणी सांगितले, हे रोजच्या रोज लिहा. लिहिता येत नसेल तर शेजारच्या साच्यावाल्याकडून किंवा घरी पोराकडून लिहून घ्या. पगाराची चिठ्ठी मागा, ती देणे मालकाला बंधनकारक आहे. चिठ्ठी जपून ठेवा आणि वहीशी ताडून पाहा. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका. मराठीत लिहिलेले नसेल तर "वाचून दाखवा, मग सही" असे सांगा. जो कागद आमच्या भाषेत नाही, त्यावर आमचा अंगठा कशाला?

आणि एकट्याने टाइम ऑफिसात जाऊ नका. एकटा गेला की त्याची पाळी बदलतात, दोघे गेले की ताकीद मिळते, पण अख्खे खाते गेले की खुर्ची पुढे सरकवतात! मुंबईचे बहुतेक भोंगे आज थंड झाले आहेत. पण इचलकरंजीत, भिवंडीत, मालेगावात, सोलापुरात साचे अजून खडखडताहेत आणि जादा तासांची चोरीही चालू आहे. १८८४ साली एका अर्जामागे साडेपाच हजार कामगार उभे राहिले. त्यांतल्या बहुतेकांना सही येत नव्हती, तरी ते मागे हटले नाहीत. आम्हाला तर लिहिता येते!

वही काढा. आजचे तास लिहा. आणि येत्या पगाराच्या दिवशी सारे मिळून हिशेब मागा!