नादारीची ढाल कंपनीला, जप्ती कामगाराला

व्हाइटफील्डच्या मालधक्क्यावर आणि कंटेनर डेपोत राबलेल्या कामगारांनी निवृत्तीनंतर फंड-ग्रॅच्युइटीच्या पैशातून आसपास लहानशी घरे बांधली. २००७ साली हा भाग बंगळूर महानगरपालिकेत आला. आयटी कंपन्या आल्या, २०२३ साली मेट्रो आली, जमिनीचे भाव चढले. पेन्शन मात्र त्या वेगाने वाढली नाही. घरपट्टी थकली की व्याज, दंड आणि शेवटी जप्ती-लिलावाची नोटीस येते. मग आम्हाला विचारले जाते : नादारीचा अर्ज केला तर घर वाचेल का?

आमचे स्पष्ट उत्तर आहे : आजच्या कायद्याने त्यावर भरवसा ठेवू नका. बंगळुरात सामान्य माणसाला अजून १९२० चाच प्रांतिक नादारी कायदा लागू आहे. त्यात सरकार व स्थानिक संस्थेचे देणे इतर देणेकऱ्यांच्या आधी येते. शिवाय घरपट्टी हा घरावरचाच बोजा. नादार ठरल्याने तो उतरत नाही.

२०१६ च्या दिवाळखोरी संहितेतील व्यक्तींविषयीचा भाग केवळ कंपन्यांच्या जामीनदारांना, डिसेंबर २०१९ पासून लागू झाला. सामान्य माणूस बाहेरच राहिला. त्यात गरिबांसाठी 'नव्या सुरुवातीची' तरतूद आहे. पण वार्षिक उत्पन्न साठ हजारांच्या आत हवे आणि स्वतःचे घर नसावे, अशा अटी आहेत. म्हणजे ज्याला घर वाचवायचे आहे, त्यालाच दार बंद!

कंपन्यांचे पाहा. कंपनीचे दिवाळखोरी प्रकरण दाखल करून घेतले की वसुलीला स्थगिती मिळते. मंजूर आराखड्यात न धरलेली सरकार व स्थानिक संस्थांची देणी संपुष्टात येतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २०२१ रोजी दिला. भांडवलशाहीचे माहेरघर असलेल्या अमेरिकेतसुद्धा नियमित उत्पन्न असलेला माणूस न्यायालयात अर्ज करून वसुली थांबवू शकतो आणि थकलेला घरकर तीन ते पाच वर्षांत हप्त्यांनी फेडू शकतो. आमच्या कामगाराला एवढेही मिळू नये?

घरपट्टी बुडवा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. रस्ते, दिवे आणि सफाई कामगार बांधवांचा पगार त्यातूनच होतो. पण फेडायला सवड द्या, एवढेच मागणे आहे. थकबाकीवरील व्याज माफ करून दंड कमी करणारी योजना कर्नाटक सरकारने २०२४ मध्ये राबवली. ती ३० नोव्हेंबरला संपली. म्हणजे इच्छा असली की वाट निघते.

आमच्या मागण्या अशा : स्वतः राहत असलेले एकमेव घर लिलावातून वगळावे, पेन्शनरांना हप्ते बांधून द्यावेत व हप्ते चालू असेपर्यंत व्याज थांबवावे, संहितेतील व्यक्तींचा भाग सर्वांना लागू करून घराची अट काढावी.

तोवर बंधू-भगिनींनो, नोटीस दडवून ठेवू नका. आकारणी तपासा, चूक असल्यास मुदतीत लेखी हरकत घ्या, पोच घ्या. 'नादारी करून घर सोडवतो' म्हणणाऱ्या दलालाला पैसे देऊ नका. नोटीस घेऊन युनियनकडे या. एकट्याचा अर्ज फायलीत पडून राहतो; शंभर जणांचा अर्ज आयुक्तांच्या टेबलावर पोहोचवता येतो.